वरून पाणी

दोरा तोंडातून कोरडाच निघाला. सुईच्या नेढ्यात घालायच्या आधी टोक ओठात धरायचं, जिभेनं दाबायचं आणि ओढून घ्यायचं. श्वास घेण्याइतकी सवयीची गोष्ट, तिच्याकडं कोणी बघतं का? पण टोक बाहेर आलं ते गेलं होतं तसंच, पिंजारलेलं. मी परत घातलं. जीभ टाळ्याला चिकटून बसली होती, ती सोडवली तेव्हा पोत्याला चिकटलेलं काहीतरी उचकटावं तसा बारीक आवाज माझ्याच डोक्यात झाला. दाबलं, ओढलं. कोरडं. भिंगारला लेकाच्या घराच्या गॅलरीत ऊन माझ्या मांडीवरच्या अर्ध्या गोधडीवर आलं होतं, खाली भाजीवाला हातगाडीवरच्या मेथीवर पाणी मारत होता, पलीकडं लष्कराच्या मैदानात शिट्टीवर कवायत चालली होती, सगळं कालच्यासारखं. फक्त माझ्या तोंडात थुंकी नव्हती. घरातलं मीठ संपतं, गॅस संपतो, जामखेडकडं आमच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी होळीच्या आत संपतं, ते मला माहीत आहे. थुंकी संपते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं. पण सांगणारीनं ‘लाळ’ म्हटलं होतं, आणि लाळ बैलाला येते, दात येणाऱ्या लेकराला येते. माझा, ह्या गोजरबाईचा, तिच्याशी काय संबंध? म्हणून ते मी माझ्यासाठी धरलंच नव्हतं.

डाव्या गालात आतून गाठ उठली तेव्हा मी तिच्यावर मिश्रीच चोळत होते. दुखतं तिथं मिश्री दाबायची, ठणका जातो, हे माझ्या आईचं औषध. तंबाखू तव्यावर काळीभोर होईस्तोवर भाजायची, हातानं चुरायची, सकाळी बोटावर घेऊन हिरड्यांवरून फिरवायची आणि मग अंगणाच्या कडेला उभं राहून पिचकारी टाकायची. माझी पिचकारी थेट दगडाच्या कुंपणापर्यंत जायची. सासूबाई म्हणायच्या, बाई हाय का बंब हाय. आता डॉक्टर म्हणतात त्या मिश्रीनंच घात केला. मला पटत नाही. न पटून उपयोगही नाही. गाल कापला, शिवला, आणि राहिलं-साहिलं जाळायला आता शेक चालू आहे. शेक म्हटल्यावर मला वाटलं होतं, फडकं तव्यावर तापवून लावतात तसं काहीतरी ऊन लागेल. काहीच लागत नाही. नगरच्या दवाखान्यात एका थंडगार खोलीत मला फळीवर आडवं करतात, माझ्याच तोंडाच्या मापाचा जाळीचा मुखवटा माझ्या तोंडावर ठेवतात आणि कडेनं खटके दाबून तो फळीला बसवतात. महालक्ष्म्यांचे मुखवटे आम्ही धान्याच्या डब्यांवर बसवायचो तसा. फरक एवढाच की तिथं मी बसवणारी होते. मग सगळे बाहेर पळतात आणि मशीन माझ्याभोवती गुरगुरत फिरतं. एवढं निर्धोक असेल तर पळतात कशाला, हे मी विचारलं होतं. तो मशीनवरचा बजरंग हसून म्हणाला, “मावशी, तुमच्या धाकानं पळतो.” बोलायला चांगला आहे.

पहिल्याच दिवशी पंकजा डॉक्टरनं कागदावर माझं तोंड काढून दाखवलं होतं. पोर वयानं माझ्या नातीएवढी, पण बोलणं सरळ. “आजी, कानाखाली दोन्ही बाजूंना लाळेच्या गाठी असतात. डावीकडची शेकात सापडणारच, तिचा नाइलाज आहे. उजवीकडची आम्ही वाचवतोय. मशीनला तसं आखून दिलंय. ती वाचली, तर तोंडाला पाणी सुटत राहील. ती पण गेली, तर जन्मभर घासागणिक पाणी घ्यावं लागेल, दात किडतील, बोलताना जीभ अडेल.” मी म्हटलं, “दात ऱ्हायलेत किती? जाऊ द्या.” ती म्हणाली, “आणि बोलणं?” मग तिनं सांगितलं ते साधं होतं: सोड्या-मिठाच्या पाण्यानं चुळा भरायच्या, तिखट बंद, मिश्रीचं नाव नाही, खाणं सोडायचं नाही आणि तोंड कोरडं पडू द्यायचं नाही, पाणी घेत राहायचं, सारखं. तेवढं मी केलं. देवाशपथ केलं. माझ्या उशाशी तांब्या असतो, गॅलरीत तांब्या असतो, मी तांब्यावर तांब्या रिकामे करते. पोट डुचमळतं, दर थोड्या वेळानं उठावं लागतं, कानिफनाथ, माझा मुलगा, डेपोत कामाला जाताना म्हणतो, “आई, टाकी तूच संपवतीस.” मग हे पाणी जातं कुठं? तोंडातून आत जातं, एवढं मला दिसतं. तोंडात मात्र राहत नाही. वाळूत ओतल्यासारखं. मला कळेना. माझ्या शरीरात घराच्या मागल्या दारासारखं एखादं दार उघडं पडलंय आणि सगळं तिकडून चाललंय, असं दिवसभर वाटत राहतं.

आणि बोलण्याचंही तसंच व्हायला लागलं होतं. शब्द निघतो पण वाटेत कुठंतरी चिकटतो. परवा गावाहून माझी धाकटी जाऊ रंगुबाई हिचा फोन आला. बोअरचं पाणी खालच्या शेताला आधी द्यायचं का वरच्या, दोघा पुतण्यांत जुंपली होती, आणि हे माझ्या शब्दाशिवाय ठरत नाही. आजवर ठरलेलं नाही. मी सांगितलं, वरच्याला. ती म्हणाली, “काय?” मी सांगितलं. ती म्हणाली, “आक्का, नीट ऐकू येईना, कानिफला द्या.” आणि कानिफनं फोन घेऊन सांगितलं, खालच्याला. माझ्यासमोर. मी काय म्हटलं ते त्यालाही कळलं नव्हतं, का कळलं होतं? मी त्याच्याकडं बघत राहिले. माझं बोलणं परत विचारायची ज्या घरात कुणाची टाप नव्हती तिथं आता प्रत्येकजण मान पुढं करून, कपाळाला आठ्या घालून ‘काय?’ म्हणतो, आणि मी एकदा सांगितलेलं परत सांगत नाही. कधीच सांगितलं नाही. एकदा सांगायचं, ऐकणाऱ्यानं ऐकायचं. मग ते तसंच हवेत राहतं. घरभर माझे न ऐकलेले शब्द पडलेत असं वाटतं; केरात गोळा होत असतील. कधीकधी तर मी बोलले का नुसतं मनात म्हटलं हेच कळत नाही. मीठ कमी आहे, मी म्हणते. कुणी बघत नाही. म्हणजे म्हटलं नसेल. आणि मीठ खरंच कमी आहे का, तेही कुठं कळतंय? भात ओल्या कागदासारखा लागतो, दूध लोखंडासारखं.

“द्या आत्या, मी ओवून देते,” सत्यशीला म्हणाली. माझी सून. दोऱ्याशी चाललेली माझी झटापट तिनं आतून बघितली असणार. ती बघते, बोलत नाही. तिनं माझ्या हातातून दोरा घेतला आणि सरळ स्वतःच्या ओठात धरला. माझ्या अंगावर काटा आला. “उष्टा नगं,” मी म्हटलं, आणि हे मात्र तिला पहिल्या फटक्यात ऐकू गेलं. तिनं दोरा बाहेर काढला, पदराला पुसला, तेवढा भाग कात्रीनं कापून टाकला आणि बाकीचा माझ्यापुढं ठेवून कुकर बघायला गेली. चेहऱ्यावर काही नाही. तिच्या चेहऱ्यावर कधीच काही नसतं. ती भिंगारचीच, ह्याच गल्लीत वाढलेली; नवी नवरी म्हणून आमच्या गावच्या घरी आली तेव्हा उन्हाळा होता आणि टँकरचं पाणी मोजून यायचं. अंगणात पाव्हणे, बायका, पडवीत जेवणारी माणसं. हिला तहान लागली, हिनं रांजणावरचा तांब्या उचलला आणि तोंडाला लावला. गटागटा. सगळ्या भावकीसमोर. आमच्यात तांब्या सगळ्यांचा असतो. मान मागं टाकायची, तोंड उघडायचं, हातभर वरून धार सोडायची, ओठाला भांड्याची कड शिवता कामा नये. एका तांब्यात वीस माणसं पाणी पितात आणि तांब्या सोवळा राहतो, त्याला रीत म्हणतात. मी तो तांब्या तिच्याच हातानं राखेनं घासून घेतला, उरलेलं पाणी गोठ्यात ओतायला लावलं आणि म्हटलं, “तुज्या म्हायेरी जनावरं तोंड लावत्यात हौदाला, तसं हितं चालनार न्हाई.” बायका हसल्या. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, आताही वाटत नाही. घराला वळण लागतं ते असंच. नंतर आठवडाभर तिच्या चोळीचा गळा भिजलेला असायचा, ठसका लागून डोळ्यांत पाणी यायचं. पण शिकली. माझ्यापेक्षा लांब धार धरते. फक्त पाणी पिताना ती पाठ करून उभी राहते. का, ते मी कधी विचारलं नाही, आणि आत्ताच ते का आठवावं, तेही समजलं नाही.

त्याच दिवशी शेकाला गेले तर मुखवटा सैल बसला. बजरंगनं खटके दाबले आणि माझ्या गालात आणि जाळीत त्याचं बोट जाईल एवढी जागा राहिली. त्यानं डॉक्टरला बोलावलं. दोघं माझ्या डोक्यावर उभी राहून बोलत होती आणि मी जाळीच्या भोकांतून त्यांच्या हनुवट्या बघत होते. शेक थांबवला. बाहेर आणून मला स्टुलावर बसवलं आणि पंकजा डॉक्टर म्हणाली, “आजी, तुम्ही वाळत चाललात. मुखवटा तुमच्या पहिल्या तोंडावर बेतलाय. तोंड बारीक झालं की आत डोकं हलतं आणि उजवीकडची जी गाठ आपण वाचवतोय ती सरकून शेकाखाली येते. खात का नाही?” मी म्हटलं, घास फिरत न्हाई. ती म्हणाली, “काय?” सत्यशीलेनं सांगितलं, “मॅडम, घास तोंडात फिरतच नाही म्हणतात. भात पण टोचतो.” डॉक्टरनं माझ्या तोंडात बॅटरी मारली, लाकडी पट्टीनं जीभ चाचपली. पट्टी जिभेला चिकटली. तिच्या कपाळावर आठी पडली. “इतकं कोरडं इतक्यात व्हायला नको होतं. पाणी पीत नाही तुम्ही.” मी मान जोरात हलवली. सत्यशीला म्हणाली, “पितात मॅडम. खोटं नाही. घागर संपवतात.” डॉक्टर माझ्याकडं बघते, सत्यशीलेकडं बघते, परत माझ्याकडं. तिलाही कळेना हे बघून मला जरा बरं वाटलं. मग तिनं ग्लास भरून माझ्या हातात दिला. “प्या बरं. माझ्यासमोर.” मी मान मागं टाकली, तोंड उघडलं, ग्लास वर धरला आणि एका धारेत रिकामा केला. थेंब सांडला नाही. खाली ठेवला. मला वाटलं आता शाबासकी देते.

“आजी,” ती हळू म्हणाली, “पाणी तोंडाला लागलंच नाही. सरळ नरड्यात गेलं.” बजरंग खोकल्याचं निमित्त करून भिंतीकडं वळला. ती म्हणाली, “ओठ लावायचे. एक घोट घ्यायचा, तोंडात धरायचा, इकडं तिकडं फिरवायचा, मग गिळायचा. थोड्या वेळानं परत. पोटाला नकोय पाणी, तोंडाला हवंय.” मी म्हटलं, “आमच्यात तोंड लावत न्हाईत.” हे मी नक्की मोठ्यानं म्हटलं, कारण सत्यशीलेनं मान खाली घातली. हसली का? मी तिच्या कपाळाकडं बघत राहिले. डॉक्टर म्हणाली, “मग स्वतःची वेगळी बाटली ठेवा. दुसऱ्या कुणी पिऊ नये.” तिला काय कळणार. प्रश्न दुसऱ्याचा नव्हताच. आयुष्यभर माझे ओठ भांड्याला शिवले नव्हते. नवरा आजारी होता तेव्हा त्याला मी वाटीनं पाणी पाजलं, ते दुबळ्या माणसाचं पिणं, चोखल्यासारखं, मला बघवायचं नाही. तो गेला. मी तशी नव्हते. म्हणजे अजून नव्हते. घरी जाताना रिक्षात माझ्या उजव्या कानाखाली मी बोट दाबत राहिले. तिथं आत काहीतरी आहे, ते मला कधी माहीत नव्हतं, आणि आता तेवढंच माझं म्हणून उरलंय. डावीकडं का उजवीकडं? आरशात बघितलं तर उलटं दिसतं. मुखवट्याच्या आतून बघितलं तर? कुठली बाजू मी वाचवायची?

कानिफनाथ स्टीलची बाटली घेऊन आला, निळ्या झाकणाची. मी ती पातळाखाली झाकून ठेवली. कुणी नसताना हातात घ्यायची, कड ओठाजवळ न्यायची. थंड कड जवळ येते, वास येतो नव्या भांड्याचा, आणि ओठ आपोआप मिटतात. मी मिटत नाही, ते मिटतात. माझं ऐकत नाहीत. मग परत तांब्या, परत धार. फक्त आता धार जाताना मी लक्ष ठेवायला लागले: खरंच, जीभ नाल्यातल्या दगडासारखी बाजूला पडून असते आणि पाणी तिच्या पलीकडून चाललेलं असतं. एवढ्या वर्षांत मला पाण्याची चव ठाऊक होती का? का नुसती गार लागायची ती नरड्यातली रेघ?

बारीक झालेल्या तोंडाच्या मापाचा नवा मुखवटा बसवायच्या दिवशी दवाखान्यातली वीज गेली. जनरेटर चालू झाला पण मशीनला तपासणी लागते म्हणाले, बसा. बाकड्यावर आम्ही दोघी. पुढच्या बाकड्यावर एक माणूस गळ्यावर रुमाल टाकून बसला होता, शेंबड्या पोराला धरावं तशी त्याची बायको त्याच्या तोंडाशी बाटली धरत होती आणि तो निमूट पीत होता. मी नजर काढून घेतली. ऊन चढलं. जनरेटरवर पंखा नव्हता. माझ्या तोंडात आता तोंड असं काही नव्हतंच, एक भाजकी जागा होती. सत्यशीलेनं पिशवीतून निळ्या झाकणाची बाटली काढली. घरून तीच आणली होती. तांब्या आणला नव्हता. मुद्दाम? मी बघितलं तर तिचा चेहरा भिंतीसारखा. मी बाटली घेतली, मान मागं टाकायला गेले आणि गळ्याची कातडी अशी ताणली की डोळ्यांपुढं काजवे आले. शेकानं ती काळी पडून सोलत होती, मला आतून ऊन लागलं नव्हतं पण कातडीला लागलं होतं. मान अर्ध्यातच अडली. धार हनुवटीवर पडली, गळ्यावर, चोळीत. ठसका लागला. भिजलेला गळा. पुढचा माणूस आमच्याकडं बघत होता.

सत्यशीलेनं पुसायला पदर पुढं केला नाही. ती वळली आणि समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, त्याच्याकडं बघत बसली. पाठ करून.

मग मी ओठ लावले. कड ओठांत बसली, एवढंच झालं. आभाळ पडलं नाही. घोट आत आला आणि मी तो धरून ठेवला. पाणी जिभेवर चढलं, जीभ सुटली, शिवलेल्या गालाच्या वळाला लागलं, जिथं मला गालच नसेल असं वाटत होतं तिथं गाल होता. डाव्या बाजूनं काही नाही, मुकी. उजवीकडं नेलं. हिरडी, दाढ, मग एकदम कानाखाली बारीक कळ उठली, कच्ची चिंच नुसती दिसली तरी उठते तशी. पाण्याची होती का माझ्याच तोंडाची, ते ओळखायला मी थांबले, पण तोवर तोंडात पाणी होतंच, कुठलं कुठलं वेगळं कसं करणार? गिळलं. दुसरा घोट घेतला. माझ्या नवऱ्याचे वाटीवरचे ओठ मला दिसले, आणि पहिल्यांदाच वाटलं, तो चोखत नव्हता, धरत होता.

बाटली मी बाकड्यावर ठेवली. सत्यशीला सकाळपासून पाणी प्यायली नव्हती. घरातलं आवरून, मला आवरून, रिक्षा धरून आली होती. तिनं बाटली उचलली, हातभर वर धरली, मान मागं टाकली आणि सोडली. सरळ, बारीक, अखंड धार. ओठाला थेंब शिवला नाही, गळा भिजला नाही. माझ्या मनात आधी आलं ते हेच, की बघा, शिकवलेलं कसं उतरलंय. आणि त्याच्या मागोमाग दुसरं ध्यानात आलं. ती माझ्यासमोर पीत होती, पाठ न करता. माझं उष्टं वरून पीत होती. रीत म्हणून? दुखण्याची शिसारी म्हणून? का तिला त्यात काहीच नव्हतं, हात आपोआप वर गेला होता, जसे माझे ओठ आपोआप मिटायचे? मी तिच्या तोंडाकडं बघितलं. झाकण लावत होती. मला काहीच वाचता येईना, आणि हे तोंड मी इतकी वर्षं रोज बघते.

“तोंड लाव की,” मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं बघितलं, मान पुढं केली. “काय म्हणालात, आत्या?”

ऐकलं नव्हतं का? जीभ ओली होती, शब्द मला स्वच्छ ऐकू आला होता. का तो परत मनातच राहिला? आत मशीन सुरू झाल्याची गुरगुर आली, बजरंगनं दारातून माझं नाव घेतलं. सत्यशीला उठली, मला हात दिला. मी उठले नाही. मी तिच्या हातातून बाटली घेतली, झाकण काढलं, ओठ लावले, घोट धरला, उजव्या बाजूला फिरवला, सावकाश गिळला आणि बाटली तिच्यापुढं केली.

“तोंड लाव म्हनलं,” मी दुसऱ्यांदा म्हणाले. “बाटलीला.”